डावा माईक

४ मार्च, मंगळवार

माझ्या मेहुण्याची स्मरणशक्ती मोठी सोयीची आहे. स्वतः केलेलं त्याला आठवत नाही आणि मी न केलेलं लख्ख आठवतं. म्हणून आजपासून सगळं तारीखवार लिहून ठेवणार आहे. उद्या वाद झालाच तर ही वही पुढे टाकता येईल.

आजचा गुन्हा असा. ड्रमसेटवरून उठताना त्याने कमरेनं स्टँड ढकलला आणि वर टांगलेला माईक फरशीवर आपटला. संपला. एकवीस वर्षांची जोडी होती. जोडीतला एक गेला की उरलेला नुसता खुंटीला लावायचा. मी काही बोलायच्या आतच म्हणतो, स्टँडचा स्क्रू तुम्हीच नीट आवळला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा.

हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, ड्रम वाजवतो, आणि या स्टुडिओचा निम्मा मालक आहे. मनातल्या मनात मी त्याला धडाम म्हणतो. घरी तक्रार करावी तर न्यायाधीश त्याचीच सख्खी बहीण.

आणि वेळ तरी कुठली साधली. चोवीस तारखेपासून मास्तरीणबाईंचं रेकॉर्डिंग आहे. चाळीस वर्षं त्यांनी गिटार शिकवली, पण स्वतःचं वाजवणं कधी रेकॉर्ड केलं नाही. आता बोटांचे सांधे धरलेत. आठ एप्रिलला डाव्या हाताचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर बोटं पूर्वीसारखी चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. तेव्हा वीस दिवसांत मला नवी जोडी निवडायची आहे. मला. आम्हाला नव्हे. या स्टुडिओत कान माझे आहेत.

५ मार्च, बुधवार

दुकानदारानं ऐकून बघायला दोन जोड्या पाठवल्या. एक बारीक, पेन्सिलीसारख्या माईकची. कडक, स्वच्छ, जे असेल ते दाखवणारी. दुसरी रिबनची, जाडजूड, जुन्या वळणाची, सगळं मऊ करून सांगणारी. काम दोन्हीकडं एकच. ड्रमच्या वर टांगली की अख्ख्या सेटचं चित्र उमटलं पाहिजे, आणि तीच जोडी गिटारसमोर लावली की डोळे मिटल्यावर बाई समोर बसल्यासारख्या वाटल्या पाहिजेत. त्यासाठी दोन्ही माईक जुळ्या भावांसारखे हवेत. एक जरी निराळं बोलला तर चित्र कलतं.

धडामनं न ऐकताच रिबनवर बोट ठेवलं. म्हणे पेन्सिलीत त्याच्या ड्रमसेटच्या पितळी थाळ्या दातात वाळू आल्यासारख्या लागतील. मी म्हणालो, वाळू तुझ्या हातात आहे, माईकला कशाला नावं ठेवतोस. तो काड्या तिथेच टाकून चहा प्यायला गेला.

७ मार्च, शुक्रवार

पेन्सिलीची जोडी लावली. दोरीनं मोजून दोन्ही माईक स्नेअरपासून, म्हणजे सेटमधल्या मधल्या छोट्या ड्रमपासून, अगदी सारख्या अंतरावर घेतले. धडामला दहा मिनिटं एकच ठेका वाजवायला लावला आणि आत येऊन ऐकलं.

डावा माईक मेलेला आहे. म्हणजे आवाज येतो, पण त्याच्यावर कुणीतरी पातळ फडकं टाकल्यासारखा. उजवीकडची थाळी चमकते, डावीकडची पुसून काढल्यासारखी. धडाम म्हणाला त्याला तसं काही वाटत नाही. त्याला काय वाटणार. तीस वर्षं स्वतःच्या धडामधुडूममध्ये बसलेला माणूस.

दुकानदाराला फोन केला. आधी त्याचं बोलणंच कळेना, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. हात बदलला तेव्हा नीट ऐकू आलं. फोनलाही काहीतरी झालंय, दाखवायला हवा. तो सांगत होता की दोन्ही माईकचे कागद सोबत आहेत, कंपनीनं तपासून जोडी लावली आहे. मी म्हणालो, कागद ऐकत नाही, मी ऐकतो. खोटी जोडी खपवतोयस. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. गुन्हेगार असाच गप्प होतो.

१० मार्च, सोमवार

आज शास्त्रशुद्ध काम केलं. दोन्ही माईकची अदलाबदल केली. दोष माईकमध्ये असेल तर फडकं उजवीकडं जायला हवं. गेलं नाही. डावीकडंच.

मग केबली बदलल्या. तरीही डावीकडंच.

म्हणजे माईकही निर्दोष, केबलही निर्दोष. उरला मिक्सरचा डावा चॅनेल. आणि मिक्सर जानेवारीत कुणी उघडला होता? चिमटेबाईंनी.

या चिमटेबाई म्हणजे आमची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाई. हातात कायम चिमटा, म्हणून मी ठेवलेलं नाव. बारा वर्षं त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आता कळतंय की मी डोळे मिटले तेव्हा त्यांनीही मिटले असणार.

११ मार्च, मंगळवार

चिमटेबाई येऊन गेल्या. दोन तास चॅनेल तपासले, मीटर लावला, कागदावर आकडे लिहिले. म्हणाल्या, दोन्ही चॅनेल सारखेच आहेत. मी म्हणालो, मग मी काय खोटं बोलतोय? त्या म्हणाल्या, "यंत्राला विचारलं, त्यानं सांगितलं. आता एकच उरलंय. हेडफोन उलटे घालून बघा. उजवा डाव्या कानाला."

धडामसमोर हे. बत्तीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला हेडफोन घालायला शिकवणार. मी हेडफोनवर निवाडा कधी केला नाही, करणारही नाही. मी सांगितलं, स्वतःची चूक झाकायला माझ्या कानांवर येऊ नका. आणि उद्यापासून येऊच नका.

त्यांनी शांतपणे पिशवी भरली. मला ती शांतता आवडली नाही. खरा माणूस भांडतो.

ज्या दोन स्टुडिओंमध्ये त्या जातात, तिथं मी संध्याकाळी मेल टाकली. आमचा मिक्सर बिघडवला आहे, सांभाळून राहा. हे माझं कर्तव्यच होतं. धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना सावध करायचं नाही तर कुणी करायचं?

१४ मार्च, शुक्रवार

ही जेवताना नेहमीच्या खुर्चीवरून उठून माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, त्या बाजूनं तुम्हाला काही सांगून उपयोग नसतो. हा टोमणा कुठून आला ते मला ठाऊक आहे. भाऊ येऊन गेला असणार. मग तिनं चिमटेबाईंचा विषय काढला, आणि वर मला ऐकवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी ताटावरून उठलो. त्यानंतर स्वयंपाकघरात ती फोनवर इतक्या हळू बोलत होती की एक अक्षर कळू नये. हल्ली या घरात सगळे हळूच बोलतात. माझ्याविषयी असेल तेव्हाच माणूस हळू बोलतो.

१७ मार्च, सोमवार

रिबनची जोडी ऐकली. डावीकडं तेच फडकं. मऊ माईकवर तर फडक्याची गोधडी झाली.

स्पीकर उचलून इकडचा तिकडं केला. कमरेत उसण भरली. फडकं डावीकडंच.

आता उत्तर सरळ आहे: खोली. डाव्या भिंतीवर गेल्या वर्षी धडामनं जाड पडदा लावला होता, तो आवाज खातोय. मी स्टुलावर चढलो आणि पडदा दांडीसकट ओढून काढला. धडाम नेमका आत आला.

तो म्हणाला, "भाऊजी, आता भिंत पाडणार का?"

मी म्हणालो, गरज पडली तर पाडीन. तो म्हणाला, माईक वाईट, केबल वाईट, बाई वाईट, स्पीकर वाईट, भिंत वाईट. या खोलीत चांगलं फक्त एक माणूस उरलंय. मी म्हणालो, बरोबर आहे. तो हसला नाही.

पडदा काढूनही फरक शून्य. पण ते मी त्याला सांगितलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

निर्णय घेतला. पेन्सिलीची जोडी ठेवली, रिबनची परत पाठवली. धडामला विचारलं नाही. रिबनमध्ये फडकं जाड वाटतं, पेन्सिलीत निदान पातळ. तेवढं मी हातानं भरून काढीन. डावीकडची वरची पट्टी चढवायची आणि डावा माईक वीतभर पुढं घ्यायचा. खोली वाकडी असेल तर माईक वाकडा लावायचा, ही अक्कल अनुभवानं येते.

२४ मार्च, सोमवार

मास्तरीणबाई सकाळी दहाला आल्या. गरम पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बसल्या आणि मग गिटार हातात घेतली. धडाम मागं काड्यांऐवजी तारांच्या ब्रशनं हलकं वाजवत होता. एवढं हळू वाजवता येतं त्याला, हे मला माहीत नव्हतं. ऐकू येईना म्हणून मी दोनदा मॉनिटर स्पीकरचा आवाज वाढवला.

गिटारवरच्या चार गती वाजवून झाल्या. त्या आत ऐकायला आल्या. मी लावलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला.

"गिटार डाव्या कोपऱ्यात जाऊन किंचाळतेय. माझी उजवी बाजू कुठं गेली?"

मी समजावलं की हा खोलीचा दोष आहे आणि मी तो दुरुस्त केलेला आहे, आता चित्र अगदी मधोमध आहे. त्यांनी धडामकडं पाहिलं. तो म्हणाला, मलाही डावीकडंच ऐकू येतंय, आणि कानाला टोचतंय. आलं लक्षात. आधी चिमटेबाई, मग ही, आता मास्तरीणबाई. सगळ्यांना धडामनं एका सुरात लावलंय. मी तसं स्पष्ट बोललो. हेही म्हणालो की बाई, सांधे दुखत असले की माणसाला स्वतःचं वाजवणंही टोचतं.

हे बोलायला नको होतं. तरी बोललो.

त्यांनी बोटं पुसली, एकेक करून. म्हणाल्या, "या बोटांत मोजकंच वाजवणं उरलंय. ते तुमच्या भांडणात घालवायला मी आले नाही." गिटार पेटीत ठेवली आणि निघाल्या. धडाम पेटी घेऊन त्यांच्यामागं गेला.

२५ मार्च, मंगळवार

धडाम आज दारातच उभा राहून बोलला. मास्तरीणबाईंना तो दुसऱ्या स्टुडिओत नेणार. आणि त्यानंतर भागीदारी संपली. बहिणीशी बोलून झालंय. मी म्हणालो, छान, सुंठेवाचून खोकला गेला. तो काही बोलला असावा, पण वळून जाता जाता बोलला, मला कळलं नाही.

२६ मार्च, बुधवार

आज स्टुडिओत मी एकटा.

ठरवलं की पुरावा करायचा. शेवटच्या शंकेलाही जागा ठेवायची नाही. चिमटेबाई म्हणाल्या होत्या हेडफोन उलटे घाला. तेही करायचं आणि लिहून त्यांच्या तोंडावर मारायचं, की बघा, तेही केलं.

एकच माईक लावला. माझाच आवाज, एक ते दहा आकडे, दोन्ही बाजूंना सारखा सोडला. असा आवाज नाकासमोर ऐकू यायला हवा. तो उजवीकडं कलला. हेडफोन सरळ घातले, तरी उजवीकडंच. डावीकडं फडकं.

मग हेडफोन उलटे घातले.

फडकं उजवीकडं जायला हवं होतं. ते डावीकडंच राहिलं.

पुन्हा सरळ केले, पुन्हा उलटे. मग दुसरे हेडफोन आणले. मग किल्ल्यांचा जुडगा घेऊन उजव्या कानापाशी हलवला: पंचवीस चकचकीत आवाज. डाव्या कानापाशी हलवला. लाकडी खुळखुळा हलवल्यासारखं काहीतरी वाजलं.

पाच-सहा वेळा केलं. नंतर किल्ल्या टेबलावर ठेवून बसून राहिलो.

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला दाबत गेलो. डाव्या कानाची वेळ आली तेव्हा मला वाटलं यंत्र अजून सुरू केलेलं नाही. काचेपलीकडं पाहिलं तर तपासणाऱ्या बाई यंत्राची कळ फिरवत होत्या, एकामागून एक, आणि मी बटण धरून नुसता बसलो होतो.

कानाची नस. वरच्या पट्टीतलं डावीकडचं जवळजवळ सगळं गेलंय. परत येत नाही. यंत्र लावून बोलणं कळेल, पण माईक पारखण्याचं काम त्यावर करू नका, म्हणाले. उजवा कानही पन्नाशीतल्या माणसाचा असतो तसा झालाय, हे वर.

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो परवापासून. ही शेजारी होती, म्हणाली, दोन वर्षं तरी झाली असतील.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, हळू बोलू नकोस." मग थोड्या वेळानं म्हणाली, जेवताना बाजू बदलली ती टोमण्यासाठी नव्हती.

घरी येऊन ही वही वाचली. फोन, दुकानदार, स्वयंपाकघर. मेहुण्याला पकडायला लावलेल्या सापळ्यात पानोपानी माझाच पाय आहे. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाही.

२९ मार्च, शनिवार

चिमटेबाईंच्या दुकानी गेलो. अरुंद खोली, भिंतीला फळ्या, फळ्यांवर उघडे पडलेले रेडिओ आणि अँप्लिफायर. त्या भिंगातून बघत एका तारेला डाख देत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

मी उभ्या उभ्या सांगितलं. हेडफोन, किल्ल्या, डॉक्टर. म्हणालो, माझं चुकलं. त्यांनी काम थांबवलं नाही. डाख गार होईपर्यंत थांबल्या आणि मग मान वर केली.

"तुमच्या मेलनंतर एका ठिकाणचं माझं काम गेलं. दुसरीकडं आता मी दुरुस्ती करते तेव्हा मागं माणूस उभा ठेवतात. इथं माझ्यासमोर बोलून ते कसं भरून येणार?"

मी म्हणालो, आजच दोन्हीकडं मेल टाकतो, गैरसमज झाला म्हणून.

"गैरसमज नको," त्या म्हणाल्या. "गैरसमज कुणाचाही होतो. खरं काय झालं ते सांगा. आणि लिहून नको, जाऊन सांगा."

जाऊन सांगणं म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा कान गेला ही बातमी एकदा सुटली की ती परत पेटीत घालता येत नाही. माझ्याकडं कोण येईल? त्या पुन्हा भिंगावर वाकल्या. मी निघालो. परतीच्या वाटेवर मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि आत्ता लिहितानाही पुरता गेलेला नाही.

१ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस टाळलं. आज दोन्हीकडं जाऊन आलो.

पहिला मालक माझ्या वयाचा. त्यानं ऐकून घेतलं, बाईंना फोन करतो म्हणाला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला. कधी नव्हे तो माझ्या उजव्या बाजूनं चालत आला. तेवढ्यात शिकला.

दुसऱ्याशी माझं वीस वर्षांचं वाकडं. मला वाटलं होतं तो हसेल, चार लोकांत सांगेल. तो नुसता बघत राहिला आणि म्हणाला, अरेरे. शिवी दिली असती तर परवडलं असतं. बाईंचं काय ते विचारलं तर म्हणाला, त्यांच्यामागं माणूस उभा करतो, ते उद्यापासून बंद.

संध्याकाळी धडामकडं गेलो. त्याच्या दारात उभा राहिलो, तो माझ्या दारात उभा राहिला होता तसा. बहिणीनं त्याला आधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, मास्तरीणबाईंचं आपल्याकडेच कर. मी कशालाही हात लावणार नाही. सांगशील तिथं स्टँड ठेवीन. ऐकायचं काम तू कर आणि चिमटेबाई येत असतील तर त्या.

तो म्हणाला, "भागीदारीचं मी बोललोय ते बोललोय."

मी म्हणालो, त्याबद्दल नाही आलो.

मग बराच वेळ तो दाराची कडी उघडझाप करत राहिला. शेवटी म्हणाला, शनिवारी सकाळी नऊला. आणि पडदा परत लावून ठेवा.

५ एप्रिल, शनिवार

पडदा काल लावला. दुकानदाराकडून रिबनची जोडी परत आणली, आणि पेन्सिलीची आणखी एक. त्याचीही माफी मागावी लागली, ती त्यानं तोंडातल्या तोंडात स्वीकारली. की नीटच बोलला असेल, कोण जाणे.

चिमटेबाई आल्या त्या सरळ मिक्सरपाशी गेल्या. मला नमस्कार नाही. माझ्या खुर्चीत बसल्या, ती खाली केली, पाठ टेकवून बघितली. मी दुसरीकडं पाहिलं.

मास्तरीणबाईंची बोटं गरम पाण्यात होती. त्या म्हणाल्या, त्या दिवशीचं मी विसरलेले नाही. मी म्हणालो, विसरू नका. त्यांनी मान हलवली आणि पाणी अजून गरम करायला सांगितलं.

ड्रमच्या वर पेन्सिलीची जोडी लागली. दातात वाळू म्हणणाऱ्या धडामनंच ती मागितली, कारण ब्रशनं वाजवताना सगळं तपशिलात हवं होतं. गिटारसमोर पेन्सिलीची दुसरी जोडी लावायची की रिबनची, यावर मात्र तो आणि चिमटेबाई जुंपले. तो म्हणे, रिबनमध्ये बाईंच्या नखांचा स्पर्श हरवतो. त्या म्हणत, नखांचा स्पर्श येतो तसा सांध्यांचा खरखराटही येतो. दोघांनी दोन्ही जोड्या ऐकल्या, पुन्हा ऐकल्या, आवाज चढले, आणि मग बोलता बोलता दोघंही थांबले. काचेतून दोघांची तोंडं माझ्याकडं वळलेली मला दिसली. सवय. बत्तीस वर्षं या खोलीत वाद असाच संपत आला.

मी आत गिटारसमोर उभा होतो. एका हातात एक जोडी, दुसऱ्या हातात दुसरी. मला मत होतं. अजूनही आहे. ते कुठल्या कानातून आलंय ते मला सांगता येणार नाही.

"माझ्याकडं बघू नका," मी म्हणालो. "कुठली लावू तेवढं सांगा."

काचेपलीकडं दोघं पुन्हा वादाला लागले. शेवटी चिमटेबाईंनी बटण दाबलं आणि त्यांचा आवाज खोलीत आला: रिबन. मी रिबन लावली. दोरी धरून अंतर मोजलं, दोन्हीकडं सारखं. स्क्रू आवळले.

मास्तरीणबाईंनी एक गत पुरी वाजवली. मी कोपऱ्यात जमिनीवर बसलो होतो. संपल्यावर त्यांनी मान वळवून मलाच विचारलं, कसं झालं. मी काचेकडं बोट दाखवलं.

"चांगलं आहे," चिमटेबाईंचा आवाज आला. "पण अजून एकदा घेऊ. डावा स्टँड दोन बोटं मागं घ्या."

मला तो जिथं होता तिथंच बरोबर वाटत होता. मी उठलो आणि दोन बोटं मागं घेतला.